न्यू फ्रान्समधली आजारपणं आणि औषधपाणी (1535 ते 1734)

गलबत (धागाकर्ता)

उत्तर अमेरिकेतल्या फ्रेंच वसाहतीबद्दल मराठीत जे काही वाचायला मिळतं ते फरचा व्यापार आणि इंग्रजांशी झालेल्या लढाया एवढ्यापुरतं. तिथे माणूस आजारी पडला तर काय व्हायचं, यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा. माझं मत आधीच मांडतो. त्या वसाहतीत पहिल्या शंभर-दीडशे वर्षांत जी माणसं वाचली ती औषधांच्या पेटीमुळे फार थोडी. ताजं अन्न, ऊब, उशाशी पाणी देणारं कुणीतरी आणि मूळ रहिवाशांकडून कळलेल्या गोष्टी, यांवरच सगळी भिस्त होती. आणि यातलं जे हाताशी आलं होतं तेही नीट राखता आलं नाही.

सुरुवात स्कर्व्हीपासून, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगापासून करू. 1535 च्या सप्टेंबरात झाक कार्तिए हा फ्रेंच दर्यावर्दी तीन जहाजं घेऊन सेंट लॉरेन्स नदीतून आजच्या क्वेबेक शहराच्या जागी पोचला. शेजारीच स्तादाकोना हे गाव. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत जहाजं बर्फात रुतून बसली. खायला मुख्यतः जहाजावरचा खारवलेला आणि वाळवलेला शिधा. आधी पाय सुजले, शिरा कोळशासारख्या काळ्या पडल्या, अंगभर जांभळे डाग उठले, मग हिरड्या इतक्या सडल्या की दातांची मुळं उघडी पडली. फेब्रुवारीच्या मध्याला 110 जणांत जेमतेम दहा धडधाकट उरले होते. एकूण 25 जण दगावले.

कार्तिएने एक शवविच्छेदन करवलं. मृत तरुणाचं नाव फिलिप रूजमाँ, गाव अम्ब्वाझ, वय 22. हृदय पांढरं आणि सुरकुतलेलं, त्याभोवती भांडंभर लालसर पाणी, फुप्फुस काळं पडलेलं, यकृत मात्र चांगलं, अशी नोंद आहे. एक मांडी वरून काळी होती, पण चिरल्यावर आतलं मांस बऱ्यापैकी निरोगी निघालं. रोगाचं कारण मात्र यातून कुणालाच उमगलं नाही.

माणसं खंगली आहेत हे स्तादाकोनाच्या लोकांना कळलं तर हल्ला होईल, अशी कार्तिएला धास्ती. कुणी जवळ आलं की जहाजातल्या आजाऱ्यांना हातोड्यांनी आणि दगडांनी ठोकाठोकी करायला लावायची, म्हणजे आत दुरुस्तीचं काम जोरात चाललंय असं वाटेल. या लपवाछपवीत आठवडेच्या आठवडे गेले. स्तादाकोनाच्या प्रमुखाचा मुलगा दोमागाया, त्याचा गुडघा दहा-बारा दिवसांपूर्वी भयंकर सुजलेला होता आणि आता तो ठणठणीत चालतोय, हे दिसलं तेव्हा कार्तिएने विचारलं, आणि तेही ‘माझा एक नोकर आजारी आहे’ असं सांगून. दोमागायाने दोन बायका सोबत दिल्या. त्यांनी ‘अनेद्दा’ नावाच्या झाडाच्या नऊ-दहा फांद्या आणून कृती दाखवली: साल आणि पानं ओरबाडून घ्यायची, दोन्ही पाण्यात उकळायची, तो काढा एक दिवसाआड प्यायचा आणि चोथा सुजलेल्या पायांवर बांधायचा. आधी कुणी तोंड लावेना. एक-दोघांनी धीर केला, त्यांना लगेच आराम पडला, मग झुंबड उडाली. एक भलंमोठं झाड आठवड्याभरात संपलं.

रानवाट

छान विषय. अनेद्दा नेमकं कोणतं झाड, यावर अजून एकमत नाही. सर्वांत जास्त नाव घेतलं जातं ते पूर्वेकडच्या पांढऱ्या सीडरचं, म्हणजे थुजा ऑक्सिडेंटॅलिस. आपल्याकडे बंगल्याच्या फाटकाशी लावतात ती मोरपंखी याच्या नात्यातली, पण वेगळ्या प्रजातीतली. थुजाच्या बाजूने पुरावा असा की त्या काळात कॅनडातून आणलेलं ‘जीवनवृक्ष’ नावाचं झाड फ्रान्समधल्या राजाच्या बागेत वाढत होतं आणि ते थुजाच होतं. विरुद्ध बाजूने बाल्सम फरचं नाव येतं. शिवाय स्प्रूस, हेमलॉक, पांढरा पाइन हेही उमेदवार आहेत.

उपचाराच्या दृष्टीने यातलं कोणतंही असलं तरी चालतं, कारण या सगळ्यांच्या हिरव्या पानांत क जीवनसत्त्व असतं आणि भर हिवाळ्यातही ही झाडं हिरवी असतात. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण 1500 मिलिग्रॅमचा साठा असतो. तो 300 च्या खाली गेला की लक्षणं दिसू लागतात. अजिबात पुरवठा नसेल तर याला एक ते तीन महिने लागतात. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात ताजं खाणं बंद झालेल्या माणसांची अवस्था डिसेंबर ते मार्चमध्ये बिघडते. उलट दिवसाला 10 मिलिग्रॅम इतकी अल्प मात्राही रोग रोखायला पुरते. तेव्हा काढा उकळताना निम्मंअधिक जीवनसत्त्व नष्ट झालं तरी उरलेलं पुरेसं होतं.

इतक्या झपाट्याने आराम पडला ही अतिशयोक्ती नाही. थकवा आणि अंगदुखी दोन-तीन दिवसांत उतरू लागते, हिरड्यांना मात्र आठवडा-दोन आठवडे लागतात. पायावरच्या चोथ्याचा क जीवनसत्त्वाशी संबंध नाही. शेकामुळे थोडं बरं वाटलं असेल, तेवढंच.

चाफेकळी

@रानवाट, हिरड्या आणि पायच का आधी धरतात, हेही लिहाल का?

रानवाट

@चाफेकळी, शरीरातल्या कोलॅजेन या प्रथिनाचे धागे एकमेकांत पक्के गुंतायला क जीवनसत्त्व लागतं. ते नसलं की नवीन कोलॅजेन कच्चं राहतं आणि केशवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात. उभं राहिल्यावर रक्ताचा दाब पायांत सर्वाधिक असतो, म्हणून तिथे आधी रक्त उतरतं. हिरड्यांना चावण्याचा सतत मार बसतो आणि तिथलं कोलॅजेन फार लवकर बदलत असतं. याच कारणाने जुने भरलेले व्रण उकलतात. खलाशी कित्येक वर्षांपूर्वीची जखम पुन्हा उघडली म्हणून सांगत, त्यामागे हेच.

बखरनवीस

धागाकर्त्यांनी ‘राखता आलं नाही’ म्हटलंय ती सगळ्यात चटका लावणारी बाजू आहे. कारण यानंतर जवळपास सत्तर वर्षांनी फ्रेंच पुन्हा आले आणि त्याच रोगाने पटापट मेले.

1604 चा हिवाळा, आजच्या अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या नदीतलं सेंट क्रॉय बेट. 79 माणसांपैकी 35 गेली. जागेची निवडच घातक. बेट बचावाला उत्तम, पण गोडं पाणी नाही, सरपण लवकरच संपलं, आणि नदीतल्या हिमखंडांमुळे किनाऱ्यावर जाऊन पाणी-लाकूड आणणं किंवा शिकार करणं अशक्य. वितळवलेलं बर्फ प्यायचं. सायडर गोठून दगड झालं, ते तोडून पौंडाच्या मापाने वाटलं जाई. शल्यविशारदांनी इथेही प्रेतं उघडून पाहिली आणि इथेही हाती काही लागलं नाही.

पुढल्या वर्षी मुक्काम पोर्ट रॉयलला (आजच्या नोव्हा स्कोशियात) हलला. 1605-06 च्या हिवाळ्यात 45 पैकी 12 गेले, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सात. या तिसऱ्या हिवाळ्यात मोहिमेतल्या शाँप्लँ या फ्रेंच नकाशाकाराने (पुढे क्वेबेक वसवणारा तोच) एक पद्धत घातली, ती मला फार महत्त्वाची वाटते. पंगतीला बसणाऱ्या मंडळींनी पाळीपाळीने एकेका दिवसाचं यजमानपद घ्यायचं आणि त्या दिवसासाठी आधीपासून शिकार नाहीतर मासे मिळवून ठेवायचे. त्यामुळे ताजं मांस नियमित पानात पडू लागलं. ताज्या मांसात, विशेषतः काळीज-यकृतात, थोडं क जीवनसत्त्व असतं. खारवून महिनोन् महिने पिंपात ठेवलेल्या मांसात ते उरत नाही. शिवाय माणसं हातपाय हलवू लागली, एकत्र जेवू लागली. मिकमाक लोकांचा प्रमुख मेंबर्टू या पंगतीला असे.

पण 1608 मध्ये क्वेबेकला तटबंदीचं ठाणं उभारलं तेव्हा पुन्हा तीच गत. हिवाळ्याला राहिलेल्या 28 पैकी 20 मेले. नोव्हेंबरपासून हगवण लागली होती. अर्धवट शिजवलेले ईल मासे खाल्ल्यामुळे ती झाली असं शाँप्लँचं मत. फेब्रुवारीपासून स्कर्व्ही. बोनर्म नावाचा त्यांचा शल्यविशारदही त्यातच गेला. ठाण्यापासून चालत जाता येईल अशा अंतरावर कार्तिएची माणसं काढ्याने बरी झाली होती.

गलबत

@बखरनवीस, बरोबर याच मुद्द्यावर यायचं होतं. शाँप्लँला कार्तिएच्या काढ्याची माहिती होती. त्याने अनेद्दाची चौकशीही केली, पण अटलांटिक किनाऱ्यावर, वेगळ्या भाषेच्या लोकांत. त्यांना तो शब्दच ठाऊक नव्हता. आणि स्तादाकोनाचे लोक? ते शाँप्लँ येण्याआधीच त्या खोऱ्यातून नाहीसे झाले होते. युद्धांमुळे, साथींमुळे की दुसऱ्यांत मिसळून, हा वादाचा विषय आहे. कार्तिएने दोमागायाला, त्याच्या भावाला आणि वडिलांना 1536 मध्ये पकडून फ्रान्सला नेलं. त्यातला कुणीही परत आला नाही. ज्याने औषध दाखवलं त्यालाच पळवून नेलं, आणि झाडाची ओळख, तोडायची वेळ, उकळायची रीत हे सगळं ज्या गावाकडे होतं ते गावही राहिलं नाही. कागदावर उरलं फक्त नाव, आणि नावावरून रानातलं झाड ओळखता येत नाही.

वैद्यकशोध

एक भर घालतो. तेव्हाच्या युरोपीय वैद्यकात रोग म्हणजे शरीरातल्या चार द्रवांचा बिघाड. स्कर्व्हीचं खापर थंडी, ओल, खारट खाणं, आळस आणि उदासी यांवर फोडलं जाई. म्हणजे निरीक्षण अगदीच चुकीचं नव्हतं, खारट शिध्याकडे त्यांनी बोट दाखवलं होतंच. पण ‘अन्नात काहीतरी कमी आहे’ ही कल्पनाच त्या चौकटीत बसत नव्हती. त्यामुळे अनेद्दा हे एका विशिष्ट झाडाचं खास सामर्थ्य ठरलं. कुठलंही हिरवं सूचिपर्णी झाड चालेल असं कुणाला सुचण्यासारखं नव्हतं. झाड सापडलं नाही म्हणजे औषधच संपलं.

चाफेकळी

आता साथींवर कुणीतरी लिहा. वेंडाट लोकांचं काय झालं ते नुसत्या एका ओळीत उरकू नये.

बखरनवीस

नाही उरकत. वेंडाट, ज्यांना फ्रेंच ह्युरॉन म्हणत, ते ह्युरॉन सरोवराच्या जॉर्जियन उपसागराजवळ मका, घेवडा, भोपळा पिकवून मोठ्या गावांत राहत. 1634 मध्ये पहिली साथ आली (बहुधा गोवर), 1636-37 मध्ये फ्लूसारखा ताप, आणि 1639-40 मध्ये देवी. आधी वीस हजारांच्या वर असलेले लोक 1640 पर्यंत दहा हजारांच्या आसपास उरले.

देवीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारण बारा दिवस जातात. या काळात माणूस हिंडता-फिरता असतो. नदीमार्गाने होडीतून शेकडो किलोमीटर जाऊन तो आपल्या गावी पोचतो आणि तिथे आजारी पडतो. लांबघरात अनेक कुटुंबं एका छताखाली. कुणाच्याच शरीरात पूर्वीची प्रतिकारशक्ती नाही, त्यामुळे आजी, आई, मूल एकाच आठवड्यात अंथरुणाला खिळतात. पाणी आणायला, चूल पेटती ठेवायला, तान्ह्याला पाजायला कुणी उठू शकत नाही. मृत्यूंचा मोठा हिस्सा या तहान-भूक-थंडीने होतो, नुसत्या विषाणूने नव्हे. पेरणीच्या किंवा कापणीच्या वेळी साथ आली तर पुढच्या वर्षीची उपासमार ठरलेली. वृद्ध गेले की शेतीचे, औषधांचे, समारंभांचे जाणकारही गेले. स्तादाकोनाच्या बाबतीत वर जे लिहिलंय तेच इथे दिसतं.

त्यांचे स्वतःचे उपचार त्यांच्या ओळखीच्या आजारांसाठी चांगले होते. जखमा धुणं-बांधणं, घाम काढण्याची खोली, वनस्पती, आणि रोग्याच्या मनातली इच्छा ओळखून ती सगळ्या गावाने मिळून पुरी करणं. पण देवीत हेच अंगावर आलं. रोग्याभोवती गर्दी जमली की संसर्ग वाढतो, आणि तापात घामाच्या खोलीतून थेट गार पाण्यात गेलेला अशक्त माणूस सावरत नाही.

जेझुइट पाद्री मनुके, सुके आलुबुखार, रस्सा आणि थोडी सोनामुखी वाटत घरोघर फिरत. मरणाऱ्या बाळांना ते बाप्तिस्मा देत आणि ती बाळं बहुधा दगावत. पाद्री स्वतः मात्र आजारातून उठत. तेव्हा हे चेटूक आहे, असं वेंडाटांना वाटलं. त्यांच्या जागी कुणालाही तेच वाटलं असतं.

वैद्यकशोध

बखरनवीस यांच्या नोंदीला जोडून: 1534 पासून फ्रेंच येत होते, मग एवढ्या मोठ्या साथी 1634 नंतरच का? एक पटणारं उत्तर असं की आधी येणारे जवळपास सगळे प्रौढ पुरुष. त्यांना लहानपणीच देवी-गोवर होऊन गेलेले. जहाजावर एखाद्याला लागण झाली तरी दोन-अडीच महिन्यांच्या प्रवासात ती विझून जाई. 1630 नंतर आजूबाजूच्या युरोपीय वसाहतींत लहान मुलं असलेली कुटुंबं येऊ लागली. मुलांना हे रोग झालेले नसत, म्हणून एकाकडून दुसऱ्याकडे जात साखळी किनाऱ्यापर्यंत तुटत नसे.

सुईदोरा

रुग्णालयांबद्दल मी लिहिते. 1 ऑगस्ट 1639 ला फ्रान्समधल्या दिएपच्या तीन ऑगस्टिनियन भगिनी क्वेबेकला उतरल्या. पैसा कार्डिनल रिशल्यूची भाची डचेस द’एग्वियाँ हिचा. घर बांधून झालेलं नव्हतं आणि देवीची साथ दारात उभी होती. रोग्यांत बहुसंख्य मूळ रहिवासी. कापड हा खरा प्रश्न होता. देवीच्या फोडांतून वाहणारा पू चादरीला चिकटतो, चादर ओढली की कातडी निघते, म्हणून ती वारंवार बदलावी लागते. हिवाळ्यात धुतलेलं कापड वाळत नाही. फ्रान्समधून नवं कापड पुढल्या उन्हाळ्याशिवाय येत नाही. उर्सुलाइन भगिनींच्या शाळेतही त्याच वर्षी देवी शिरली आणि त्यांचंही कापड पट्ट्या फाडून संपलं.

1640 मध्ये त्या सिलरीला गेल्या, मूळ रहिवाशांच्या वस्तीजवळ. 1644 मध्ये इरोक्वां या फ्रेंचांशी वैर असलेल्या मूळ रहिवाशांच्या हल्ल्यांच्या भीतीने परत क्वेबेकला आल्या. हेच ते ओतेल-द्यू रुग्णालय.

मोंट्रियलची कथा वेगळी. झान मांस ही संन्यासिनी नव्हती, पण 1642 मध्ये वस्ती वसवणाऱ्यांत ती होती. 1645 मध्ये किल्ल्याबाहेर रुग्णालयाची इमारत उभी राहिली: 60 फूट लांब, 24 फूट रुंद, आत स्वयंपाकघर, तिची खोली, नोकरांची खोली आणि रोग्यांसाठी दोन खोल्या, म्हणजे पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. पैसा दिला मादाम द ब्युलियाँ यांनी, नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर.

1651 च्या सुमारास वस्ती बुडायच्या बेतात होती. हल्ल्यांत माणसं मरत होती, शेतं पडीक होती. तेव्हा मांसने रुग्णालयासाठी आलेले 22,000 लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) राज्यपाल मेझोन्नव यांना सैनिक-मजूर भरती करायला दिले आणि बदल्यात रुग्णालयासाठी वस्तीच्या मालकीची 100 आर्पां (जमिनीचं फ्रेंच माप) जमीन घेतली. 1653 मध्ये शंभराच्या आसपास माणसं आली आणि वस्ती तगली. रुग्णालयाचा पैसा शस्त्रांकडे वळवला म्हणून पुढे टीका झाली. मला तिचा निर्णय योग्य वाटतो. गावच उरलं नसतं तर रुग्णालय कुणासाठी चालवायचं होतं?

गलबत

@सुईदोरा, पूर्ण सहमत. त्याच 1653 च्या तुकडीबरोबर एतिएन बुशार हा शल्यविशारद आला होता. त्याचा करार इथे द्यायलाच हवा. 30 मार्च 1655 रोजी मोंट्रियलमध्ये त्याने काही कुटुंबांशी लेखी करार केला: प्रत्येकाने वर्षाला 100 सू, म्हणजे पाच लिव्र द्यायचे (20 सूंचा एक लिव्र), आणि त्याने घरातल्या सर्वांवर उपचार करायचे, आजार असो की अपघात. वगळलेल्या गोष्टी: प्लेग, देवी, महारोग, अपस्मार आणि मूतखडा काढण्याची शस्त्रक्रिया.

वगळलेली यादी नीट पाहा. प्लेग आणि देवी आली की सगळे ग्राहक एकदम आजारी पडणार, तेव्हा ठरावीक रकमेत ते परवडणार नाही. महारोग आणि अपस्मार कधी न संपणारे. मूतखड्याची शस्त्रक्रिया वेगळ्या कसबाची, त्यात रोगी दगावण्याची शक्यता फार. विमा कंपनी आज ज्या कारणांनी कलमं घालते तीच कारणं इथे दिसतात.

वैद्यकशोध

शल्यविशारद म्हणजे नक्की कोण, हे स्पष्ट करायला हवं. फ्रान्समध्ये तीन वेगळे लोक: विद्यापीठात लॅटिन शिकलेला वैद्य, हाताने काम करणारा शल्यविशारद, आणि औषधं कुटणारा-विकणारा. वसाहतीत वैद्य जवळजवळ नव्हतेच. शल्यविशारद उमेदवारी करून शिकलेला, दाढी करण्यापासून हाड बसवण्यापर्यंत सगळं करणारा. पेटीत वस्तरे, नश्तर, चिमटे, करवत, डागण्या, कवटीला भोक पाडायचं गिरमिट आणि बस्तीची पिचकारी. औषधं जाणणाऱ्यांत लुई एबेर हे नाव मोठं. पॅरिसचा हा औषधविक्रेता 1606 मध्ये पोर्ट रॉयलला होता, 1617 मध्ये बायकामुलांसह क्वेबेकला स्थायिक झाला आणि तिथला पहिला शेतकरी ठरला. 1627 मध्ये बर्फावर घसरून पडला आणि त्यातच गेला.

रक्त काढण्याची रीत अशी: दंडाला पट्टी आवळायची, कोपराच्या खोबणीतली शीर फुगली की नश्तराने तिरकी चीर द्यायची, रक्त ‘पालेत’ नावाच्या वाटीत घ्यायचं. एक वाटी तीन औंसांची, म्हणजे सुमारे 90 मिलिलिटर. दोन-तीन वाट्या काढल्या की पट्टी सोडून चिरेवर कापडाची घडी दाबून बांधायची. सगळ्यात मोठा धोका म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूच्या शिरेखालूनच रोहिणी जाते. नश्तर खोल गेलं की ती फुटते आणि पुढे तिथे ठोके देणारा फुगा तयार होतो. स्कर्व्हीच्या किंवा टायफसच्या (उवांमुळे पसरणारा ताप) रोग्याचं रक्त काढणं म्हणजे त्याची उरलीसुरली ताकद काढून घेणं.

रानवाट

@वैद्यकशोध, रक्त काढण्याबद्दल मान्य. पण सगळी औषधपेटी निरुपयोगी ठरवायला मी तयार नाही. थेरिअ‍ॅक घ्या. युरोपातलं हे जुनं मिश्र औषध, साठाहून अधिक द्रव्यं, सापाच्या मांसासकट. त्यातलं बरंच काही कामाचं नव्हतं. पण त्यात अफू होती. हगवणीच्या रोग्याला अफूने आतड्याची हालचाल मंदावते, कळ थांबते, झोप लागते. पाणी पोटात टिकू लागलं तर तेवढ्याने जीव वाचू शकतो.

दुसरं उदाहरण बाल्सम फरच्या राळेचं. या झाडाच्या कोवळ्या सालीवर राळेचे छोटे फुगे असतात. टोकदार वस्तूने फुगा फोडून ती पातळ राळ थेंबाथेंबाने शिंपल्यात किंवा भांड्यात जमवतात. जखमेवर लावली की हवा आणि घाण बाहेर राहते. मूळ रहिवाशांचं हे औषध भगिनींनी आणि शल्यविशारदांनी उचललं आणि ते फ्रान्सलाही जाऊ लागलं. महाविद्यालयात काचपट्टीवर नमुना कायमचा बसवायला वापरतात ते कॅनडा बाल्सम म्हणजे हीच राळ.

सुईदोरा

औषधांच्या पुरवठ्याबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. जहाजं उन्हाळ्यात येत, शरदात परत जात, मग नदी गोठे. साठा हिवाळ्यात संपला तर मागणीचं पत्र पुढच्या परतीच्या जहाजाने जाणार आणि माल त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे संपल्यापासून दीडेक वर्षाने. जहाज बुडालं किंवा शत्रूने पकडलं तर आणखी एक वर्ष. म्हणून औषधालयाची जबाबदारी असलेल्या भगिनीला जमेल तितकं स्थानिक वनस्पतींवर भागवावं लागे, आणि रुग्णालयाची औषधी बाग ही चैन नव्हती. 1659 मध्ये ला फ्लेशहून मोंट्रियलला आलेल्या तिघींपैकी झ्युदित मोरो द ब्रेझोल औषधं बनवण्यात वाकबगार होती.

चाफेकळी

त्या 1659 च्या जहाजावर साथ पसरली होती ना? तिघी त्यातून कशा पोचल्या?

बखरनवीस

@चाफेकळी, हो, सेंट आंद्रे जहाज. आधी ते सैन्याचं रुग्णालय-जहाज म्हणून वापरलं गेलं होतं आणि नीट साफ न करता प्रवाशांना दिलं. समुद्रात साथ फुटली, माणसं मेली. झान मांस, मोंट्रियलची शिक्षिका मार्गरीत बुर्जुआ आणि या तिघी याच जहाजावर. त्यांनी रोग्यांची सेवा केली, स्वतःही आजारी पडल्या. जहाज पोचल्यावर ताप क्वेबेकमध्ये पसरला. नुकताच आलेला बिशप लावाल स्वतः रुग्णालयात अंथरुणं घालत होता.

लक्षणांवरून हा टायफस वाटतो. टायफस पसरतो कपड्यांच्या शिवणीत राहणाऱ्या उवांमुळे. उवेच्या विष्ठेत जंतू असतात, माणूस खाजवतो आणि ते कातडीत शिरतात. ताप चढला की उवा गरम अंग सोडून शेजाऱ्याकडे जातात, माणूस मेला की गार अंग सोडतात. म्हणजे मेलेल्याचं पांघरूण जिवंताला देणं हे सगळ्यात घातक. जहाजावर कपडे बदलायला दुसरे नसतात, गोडं पाणी धुण्यासाठी नसतं, खाऱ्या पाण्यात धुतलेलं कापड वाळत नाही. कपडे उकळत्या पाण्यात टाकले असते तर उवा आणि लिखा दोन्ही मेल्या असत्या. पण रोग ‘दूषित हवेतून’ येतो असं मानलं जात असल्याने जहाजात व्हिनेगर शिंपडायचं आणि धुरी द्यायची, एवढंच होई.

1665 ला कारिन्याँ-सालिएर ही फ्रेंच पलटण आली तेव्हा, 1680 नंतर सैन्याच्या तुकड्या येऊ लागल्या तेव्हाही हेच. आणि 1702-03 मध्ये देवी परत आली. त्या वेळी मात्र फ्रेंचही मोठ्या संख्येने मेले, कारण वसाहतीत जन्मलेल्या पिढीला देवी झालेलीच नव्हती. वेंडाटांवर साठ वर्षांपूर्वी जी पाळी आली तीच.

गलबत

मिशेल साराझाँ या वसाहतीतल्या वैद्याबद्दल दोन ओळी. 1685 मध्ये शल्यविशारद म्हणून आला, पुढे फ्रान्सला जाऊन रॅन्स विद्यापीठाची वैद्याची पदवी घेतली आणि 1697 मध्ये परतला. येताना याच्याही जहाजावर ताप होता. 1700 च्या मेमध्ये त्याने क्वेबेकच्या ओतेल-द्यूमध्ये मारी बार्बिए या भगिनीच्या स्तनाचा कर्करोग कापून काढला. भूल नाही, जंतुनाशक नाही. त्या आधी तो बराच काळ निर्णय घेत नव्हता, कारण शस्त्रक्रियेत ती जाईल अशी भीती आणि न केल्यास नक्की जाईल हेही दिसत होतं. ती त्यानंतर 39 वर्षं जगली. घटपर्णी वनस्पतीच्या ‘सारासेनिया’ या प्रजातीला त्याचंच नाव आहे. 1734 मध्ये क्वेबेकमध्ये तापानेच वारला.

कोकणकडा

चर्चा आवडली. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यविशारद आपल्या किनाऱ्यावरही होते का?

वैद्यकशोध

@कोकणकडा, होते. कंपनीची सुरतेची वखार 1668 ची. गाब्रिएल देलाँ हा कंपनीच्या चाकरीतला वैद्य पुढे पोर्तुगीजांच्या दमणमध्ये व्यवसाय करत असताना धर्मन्यायालयाने पकडला आणि गोव्यात कैदेत राहिला. पूर्वेकडच्या आजारांवर त्याने लिहिलंही. पण सुरत ही वखार होती, वसाहत नव्हे. तिथे येणारे फ्रेंच स्थानिक वैद्य-हकिमांच्या गजबजलेल्या शहरात राहत. त्यामुळे तुलना फार ताणता येत नाही, वेगळा धागाच काढायला हवा.

चाफेकळी

शेवटचा प्रश्न. पुढे तरी स्कर्व्हीवर त्यांनी काही कायमचा उपाय केला का?

रानवाट

@चाफेकळी, मुख्य उपाय शेती. कोबी, सलगम, कांदे तळघरात साठवायला लागले की हिवाळा निभतो. शिवाय स्प्रूसची बिअर. 1749 मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ पेर काल्म याने फ्रेंच कॅनडातली रीत लिहून ठेवली आहे: तांब्याच्या मोठ्या हंड्यात पाणी, त्यात स्प्रूसच्या फांद्यांचे तुकडे, सोबत काळपट भाजलेले गहू, राय किंवा मक्याचे दाणे आणि भाजलेला पाव. फांद्यांची साल सहज सुटू लागेपर्यंत उकळायचं, गाळायचं, काकवी घालायची, गार झाल्यावर यीस्ट टाकून पिंपात आंबवायचं. इतका वेळ उकळल्यावर आणि पिंपात दिवस गेल्यावर क जीवनसत्त्व फार थोडं उरतं, म्हणून दोमागायाच्या ताज्या काढ्याची सर तिला नाही. आणि कुणी मोरपंखी किंवा थुजा उकळून प्यायच्या बेतात असेल तर नको. त्यात थुजोन असतं आणि जास्त मात्रेत त्याने झटके येतात. क जीवनसत्त्वासाठी पेरू खा.